मारुतीच्या वाटणीची पानं

"रुई काय दारात लावायची गोष्ट आहे का?" असं मला अख्ख्या कॉलनीनं विचारून झालंय. समोरच्या बंगल्यात पाम आहेत, शेजारी हिरवीगार लॉन आहे, आणि मधे माझं घर. फाटकाला रुई, कुंपणाला तरवड, कोपऱ्यात बोर, मागं निरगुडी आणि आघाडा. बदनापूर स्टेशनावरून आत येऊन पत्ता विचारला की लोक म्हणतात, "ते झाडोरा माजलेलं घर ना? मास्तरीणबाईचं?" म्हणू देत. माझ्या झाडोऱ्यात सातभाई पाखरं भांडायला येतात, मुंगूस भरदुपारी मालकासारखं फिरतं, तरवड फुलला की पिवळ्या फुलपाखरांनी कुंपण हलतं. त्यांच्या लॉनवर काय येतं? पाण्याचा टँकर.

मी बाई फटकळ, लागेल असं बोलते आणि मग बसते निस्तरत. पण या रुईपायी एक गोष्ट अशी घडली की ती काही मला निस्तरता आली नाही.

मी जुन्या जालन्यातल्या एका शाळेत शिकवत होते. चौथीच्या वर्गाला दरवर्षी फळ्यावर फुलपाखराचं चक्र काढून दाखवायचं. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि मधे गोल फिरणारे बाण. रंगीत खडूनं असं काढायची की दुसऱ्या वर्गातल्या बाया बघायला यायच्या. एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय का कोषातून निघताना?" मी म्हणाले, "गप बस, आधी चित्र पूर्ण कर." बघितलं असतं तर सांगितलं असतं ना! जन्मभर जे शिकवलं ते एकदासुद्धा डोळ्यांनी बघितलेलं नाही, हे मला तेव्हापासून टोचत होतं. निवृत्त झाल्यावर पहिली गोष्ट ही करायची ठरवली.

पुस्तकं चाळली तर कळलं की आपल्याकडं सगळीकडं दिसणारं ते शेंदरी फुलपाखरू, काळ्या-पांढऱ्या टोकांचं, ते अंडी घालतं रुईवर. त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. त्याच्या अळ्या रुईच्या पानांवरच वाढतात, गुलाबाला ढुंकून बघत नाहीत. नर्सरीत जाऊन रुई मागितली तर तो माणूस हसायलाच लागला. "मॅडम, रुई कोण विकत नेतं? कोनोकार्पस न्या, जल्दी वाढतं." रुळाच्या कडेची एक रुई मी खणून आणली, ती आठवड्यात मान टाकून बसली. शेवटी उन्हाळ्यात रुळाकडच्या दुसऱ्या रुईंची बोंडं फुटली, हवेत म्हातारी उडायला लागली, तशी मी साठीला टेकलेली बाई स्टेशनाच्या रस्त्यावर पोरांसारखी म्हातारीमागं पळाले आणि मूठभर बिया घरी आणल्या. त्या लागल्या. बाकीचं रान मग एकेक करून येत गेलं. तरवड मी लावला, बोर पाखरांनी लावलं, आघाडा कुणीच लावला नाही.

तोवर आमचे हे गेले होते. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि भिंती. तेवढ्यात माझे मोठे दीरही गेले, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्याकडं चार दिवस राहायला म्हणून आल्या. त्या राहिल्याच. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. जांब समर्थकडच्या एका खेड्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातली लेक. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण तोंड माझ्यापेक्षा चालतं.

आक्कांचा मुलगा पुण्याला नोकरीला. पोरगा गुणाचा, आईवर जीव. त्याला आई पुण्यात हवी होती आणि आक्कांना पुणे नको होतं. एकदा त्या पुण्याला राहून आल्या होत्या. "आठव्या मजल्यावर कोण राह्यतं गं? जिमिनीला पाय लागंना. म्या माणूस हाय का घार?" शेवटी मायलेकात करार झाला. आक्कांचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता, खेड्यात कुणाला कळलंसुद्धा नाही. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्यात झालं आणि त्या एका डोळ्यानं त्या सुईत दोरा ओवायच्या. पोरगा म्हणाला, "आई, जोवर तुला नीट दिसतंय तोवर काकूकडं रहा. ज्या दिवशी दिसायचं कमी होईल त्या दिवशी मी येणार आणि घेऊन जाणार. मंग कुरकुर न्हाई चालणार." आक्का म्हणाल्या, "बराबर." मला म्हणाल्या, "डोळा हाय तवर मी हितं. मंग तू एकटीच बडबड भिताडाशी."

आता या बाईचा मारुतीवर भारी जीव. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, कितीही पाऊस असो. आल्या त्या पहिल्याच शनिवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर येते तर आक्का रुईपुढं बसलेल्या, मांडीत पानांची चवड. मोठी मोठी, कोवळी, बिनडागाची पानं. आणि त्यातल्या पानांच्या पाठीला खसखशीच्या दाण्याएवढी पांढरी अंडी.

मी ओरडलेच. "आक्का! अहो काय केलंत हे!"

"काय केलं? माळ करून राह्यले."

"त्यावर अंडी होती!"

"मारुतीला काय अंड्याचं वावडं हाय का?" आणि लगेच जीभ चावून दोन्ही कान धरले. "मारुतराया, चुकले रे बाबा."

त्यानंतर महिना-दोन महिने आमचं तेच भांडण. मी म्हणायची, ही झाडं मी अळ्यांसाठी लावलीत. त्या म्हणायच्या, "देवाचं झाड किड्याला घालतीस आन देवाला न्हाई म्हणतीस? तुह्या शाळेत असंच शिकवलं का पोरायला?" मी म्हणायची, रस्त्याकडेची रुई घ्या. त्या म्हणायच्या, रस्त्याकडंला माणसं काय काय करत्यात, ती पानं मारुतीला? एका शनिवारी मी रागारागानं देवळात जाऊन माळेतली पानं उलटून बघितली. पुजाऱ्याला वाटलं मला काहीतरी झालंय.

भांडण मिटलं ते मात्र त्यांनीच मिटवलं. एका सकाळी रुईच्या तुऱ्यावर ते शेंदरी फुलपाखरू पंख उघडून बसलं होतं. आक्का जवळ गेल्या, एक डोळा बारीक करून बघत राहिल्या.

"हे त्याच अळीचं होतं?"

"हो. त्याच."

"अगं, मंग हा तर शेंदूर हाय! मारुतीचं पान खाल्लं म्हून शेंदरी झालं ना ते!" मी तोंड उघडणार होते, शास्त्र सांगणार होते. पण म्हटलं, शास्त्रानं आपलं आजवर काय भलं केलं या घरात? त्या दिवसापासून आक्कांनी वाटण्या केल्या. वरची कोवळी पानं अळीची, खालची मारुतीची. आणि मारुतीच्या वाटणीचंही प्रत्येक पान तोडण्याआधी उलटं करून, नाकाजवळ नेऊन, त्या एका डोळ्यानं तपासायचं. अंडं दिसलं की पान सोडायचं. "याला राहू दे, याला पोरगं हाय."

पुढं पुढं तर त्या माझ्या वरताण झाल्या. समोरच्या बंगल्यातल्या बाईनं औषध मारायला माणूस बोलावला तर आक्का काठी घेऊन कुंपणाशी. "हिकडं वारा हाय! एक थेंब आला तर बघ!" तो बिचारा फवारा गुंडाळून गेला. मी पडद्याआड उभी राहून हसत होते. खरं सांगते, हे गेल्यापासून मी इतकी कधी हसले नव्हते.

रुईचं पान तोडलं की दुधासारखा चीक गळतो, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. त्या चिकाचं आम्हाला कुणालाच भय नाही. पायात काटा मोडला की रुईचा चीक लावा, काटा वर येतो, हे मी लहानपणापासून बघितलंय. आक्का तर मेंढरांमागं अनवाणी फिरलेल्या, त्यांच्या टाचांनी किती चीक प्यायला असेल देव जाणे. पानं तोडायच्या, हात पदराला पुसायच्या, पुन्हा तोडायच्या. मला त्याचा राग यायचा तो वेगळ्याच कारणानं. त्या चिकाचे तपकिरी डाग पडतात आणि जात नाहीत. "आक्का, पदराचं फडकं करू नका हो, लुगडं वाया गेलं," असं मी दर शनिवारी म्हणायची. मला डागाची काळजी होती.

तो शनिवार श्रावणातला होता. ऊन-पाऊस चालू होता. मी आत पोह्यांना फोडणी घालत होते आणि बाहेरून हाक आली, "अगं ए मास्तरीण! जल्दी ये! सोड ते पोहे!"

एक कोष आम्ही आठवडाभर राखत होतो. हिरवा, कानातल्या डुलासारखा, वर सोन्याचे ठिपके. रुईच्या दांड्याखाली लटकलेला. त्या सकाळी तो काळपट झाला होता आणि आतले शेंदरी पंख बाहेरून दिसत होते. आक्का गुडघ्यावर बसलेल्या, मांडीत अर्धी पानं तशीच. मी शेजारी बसले. कोष चिरला. आधी पाय बाहेर आले, मग डोकं, मग ते ओलं, चुरगळलेलं अंग. पंख इवलेसे, भिजलेल्या कागदासारखे. ते कोषाच्या टरफलाला धरून लटकलं आणि पंख हळूहळू भरत गेले. मी जन्मभर जो बाण एका झटक्यात काढला होता, तो हा एवढा वेळ चालत होता. मागं पोहे करपल्याचा वास येत होता आणि मला उठवत नव्हतं.

शेजारी आक्का रडत होत्या. आवाज न करता. "कसं गं निघालं," म्हणत होत्या, "कसं गं निघालं माह्या मारुतीचं." आणि त्यांनी पदर उचलून डोळे पुसले. चांगले दाबून, दोन्ही डोळे.

मी ते बघितलं. बघितलं म्हणजे डोळ्याच्या कडेला दिसलं. पण माझं सगळं लक्ष त्या पंखांवर होतं. आणि मनात एवढंच आलं, की आक्काही रडतायत, म्हणजे मी एकटीच येडी नाही. पदर, चीक, डोळा, या तीन गोष्टी मी जोडल्याच नाहीत. फुलपाखरू उडालं तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

रुईचा चीक डोळ्यात गेला की दुखत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी आक्का म्हणाल्या, "आज दिवा धुरकट का लागून राह्यला?" मी वात काढून पुसली. दुसऱ्या दिवशी त्या जरा उशिरापर्यंत पडून राहिल्या. मी विचारलं तर "झोप झाली न्हाई." भाजी निवडायला दिली तर "आज तूच निवड, कंटाळा आलाय." मला वाटलं, श्रावणातला उपास बाधला असेल. आत्ता कळतं की त्यांना दुसऱ्याच दिवशी सकाळी समजलं होतं. डोळ्यापुढं पांढरं झालं होतं. पण डोळा गेला असं तोंडातून निघालं की पुण्याची गाडी दारात उभी. म्हणून त्या माउलीनं एक अक्षर काढलं नाही. घरात भिंतीला हात लावून चालत राहिल्या आणि मी समोर असले की हात काढून घेत राहिल्या. आठवडाभर.

पुढच्या शनिवारी त्या नेहमीसारख्या रुईपाशी गेल्या, माळ करून आल्या आणि माझ्या हातात दिली. "आज देवळात तूच जाय." मी माळ घेतली आणि माझ्या बोटाखाली काहीतरी हललं. पट्ट्यापट्ट्यांची चांगली मोठी अळी, पानाला चिकटलेली, आणि दोरा तिच्या अंगातून गेलेला.

मी फटकळ. तोंडातून निघून गेलं. "आक्का, डोळे फुटले का?"

त्या उंबऱ्यावर बसल्या. हात मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "त्याला सांगू नको. तुह्या पाया पडते, त्याला सांगू नको."

मी खाली बसून त्यांचं तोंड वर केलं. उजव्या डोळ्याच्या बाहुलीवर धुकं होतं. माझ्या हातातली माळ तिथंच पडली.

जालन्याला नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, त्याच घडीला भरपूर पाण्यानं डोळा धुतला असता आणि त्याच दिवशी आला असतात तर गोष्ट निराळी होती, तरुणांचा डोळा सुधारतोसुद्धा, पण या वयात, आधीच ऑपरेशन झालेल्या डोळ्यात... थेंब दिले, गोळ्या दिल्या. थोडं परत आलं. उजेड दिसायला लागला, माणूस उभा आहे हे कळायला लागलं, रंग थोडे थोडे. त्याच्या पुढं नाही गेलं.

पोराला मीच फोन केला. न सांगून कसं चाललं असतं? तो आला, आईजवळ बसला, मला एक वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता आलं असतं. निघताना फक्त एवढंच म्हणाला, "काकू, तेवढं ते झाड काढून टाका." मी मागच्या पडवीतून कुऱ्हाड आणलीसुद्धा. पण आक्का गाडीत बसता बसता थांबल्या. कुऱ्हाडीचा आवाज नव्हता झाला, पण त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. "ए मास्तरीण. झाडावर राग काढू नको. त्यानं काय केलं? आन मारुतीला काय घालशील?"

मी देवभोळी नाही. पण त्या श्रावणातल्या उरलेल्या शनिवारी मी माळ केली आणि त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी करते. प्रत्येक पान उलटं करून बघते, फडकं वेगळं ठेवते, साबणानं हात धुते. हे फडकं तेव्हा त्यांच्या हातात दिलं असतं तर! दोन रुपयांची चिंधी. या एका विचारानं किती शनिवार कडू झाले ते मी सांगत नाही. फोनवर आक्का विचारतात, "वरची पानं सोडली ना? आली का पोरं?" मी सांगते, आली. कधी आलेली नसली तरी सांगते.

या वर्षी पावसाळ्यात मी एक कोष दांड्यासकट कापला, बरणीत उभा केला, तोंडाला फडकं बांधलं आणि रात्रीच्या बसनं पुण्याला गेले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लोणचं सांडंल." मी म्हटलं, सांडत नाही.

आठव्या मजल्यावर आक्का गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या होत्या. वाळल्या होत्या. सुनेनं सोयीचा म्हणून गाऊन घातलेला, केस कापलेले. चांगलं ठेवलंय त्यांना, मी खोटं बोलणार नाही. पण माझ्या आक्का मला गाऊनमध्ये ओळखूच येईनात. आवाज आला तेव्हा पटलं. "कोण, मास्तरीण? मातीचा वास आला बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोष काळा पडला. मी बरणीचं फडकं सोडून ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि जे दिसत होतं ते सांगत गेले. आता चिरलं. आता पाय आले. आता लटकलंय, पंख भरतायत. पहिल्यांदा मी फुलपाखराचं चक्र नीट शिकवत होते, आणि समोर विद्यार्थी एकच. पंख वाळले तसं ते त्यांच्या बोटावर चढलं. त्या श्वास धरून बसल्या.

"पाय हायेत गं त्याचे. लागून राह्यले." मग बोट अगदी डोळ्याजवळ नेलं. "शेंदरी हाय. दिसलं मला. शेंदरी दिसलं."

ते उडालं. खाली कुठं रुई आहे का, मी वाकून बघत होते. नव्हती. सगळी पामची झाडं.

मागं वळले तर आक्का रडत होत्या, तशाच, आवाज न करता. आणि त्यांचा हात खांद्यावर काहीतरी शोधत होता. खांद्यावरून छातीवर, पुन्हा खांद्यावर. तिथं पदर नव्हता. हात रिकामाच मांडीवर येऊन पडला.

मी जवळ जाऊन माझा पदर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्याला लावला नाही. आधी बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, वास घेतला आणि विचारलं, "धुतलेला हाय ना गं?"